एळु म्हणजे सात

फाल्गुन जवळ आला की सोलापुरात सकाळी सकाळी कडब्याचे टेम्पो शिरतात. पेंढ्या इतक्या उंच रचलेल्या असतात की टेम्पो दिसतच नाही, नुसती पिवळी गंज रस्त्यानं चाललेली दिसते. आमच्या घरासमोर गतिरोधक आहे. त्यावरून टेम्पो गेला की ज्वारीची दोन-चार धाटं खाली पडतात. मी ती उचलतो. आधी तळहातावर आडवं धरून धाटाचा तोल बघतो, मग थोडं वाकवून बघतो, आणि रस्त्यावर कुणी नाही याची खात्री करून हवेत सपकन एक वार करतो. वय बहात्तर, दोन्ही गुडघे नाराज, पण वार अजून बरा बसतो.

"मामा, परत कचरा आणला व्हय घरात?" सूनबाई आतून विचारते.

तो कचरा नाही, तलवार आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तलवारीचं सांगायला गेलो तर पुढचंही सांगावं लागेल, अशी भीती होती. ते पुढचं सांगून झालं. या सुगीत झालं. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

माझी नोकरी जमिनीच्या कागदांत गेली. दुसऱ्यांच्या नोंदीतल्या चुका शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. कुणाच्या आजोबाचं नाव चुकलेलं, कुणाचा बांध उतरून घेताना सरकलेला. चूक सापडली की मला आनंद व्हायचा. फक्त एक नोंद अशी होती की ती चुकीची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण ती मीच केली होती. तोंडी.

पण आधी सुगी. सुगीबद्दल लिहायचं आणि एकदम अपराधाकडे वळायचं, हा त्या दिवसांवर अन्याय होईल. इतके सुंदर दिवस मी पुढं आयुष्यात पाहिले नाहीत. आमचं गाव अक्कलकोटच्या अलीकडचं. अर्धी गल्ली मराठीत भांडते, अर्धी कन्नडमध्ये, आणि समेट दोन्ही मिसळून होतो. काढणी लागली की शाळा नावालाच भरायची. पहाटे गारठा, अंगावर चादर घेऊनच रानात जायचं, आणि दहा वाजता तीच चादर डोक्यावर उन्हाला. कापलेल्या ज्वारीचा एक वास असतो, गोडसर, धुळीचा, नव्या गोणपाटासारखा. तो कपड्यांत शिरायचा, केसांत शिरायचा, भाकरीलासुद्धा यायचा. मोठी माणसं रांगेनं वाकून कापत पुढं जायची आणि मागं पेंढ्या पडत जायच्या. मुलांना कामं दोनच: पाणी नेणं आणि मध्ये न येणं. दुसरं काम आम्ही फार मनापासून करायचो.

रान मोकळं झालं की तिथं आमची लढाई सुरू व्हायची. वरली गल्ली विरुद्ध खालची गल्ली. वरल्या गल्लीचा सरदार मी, खालच्या गल्लीचा माझा चुलतभाऊ भीमा. हत्यार म्हणजे कडब्याचं धाट. किल्ला म्हणजे पाखरं राखायचा माळा, चार मेढींवर उभा. पीक निघालं तरी तो महिनाभर तसाच उभा असायचा, रानात एकटा, राज्य गेलेल्या राजासारखा. जो वर चढून टॉवेल फडकवील त्यानं लढाई जिंकली.

पहिल्या वर्षी लढाई कधी संपलीच नाही, कारण कुणी मरायलाच तयार नव्हतं.

"लागलं! तुला लागलं!"

"कुटं लागलं? सदऱ्याला लागलं."

"सदऱ्यात कोन हाय मग?"

अशी लढाई तोंडानंच जास्त व्हायची. मग आम्ही भांडून भांडून नियम केले. पाठीवर, दंडावर धाट लागलं की जखमी. जखमी झाला की आडवं व्हायचं आणि 'मेलो' म्हणून ओरडायचं. मग डाक्टर येणार, जखमेवर चिंधी बांधणार, दहापर्यंत मोजणार. दहा झाले की उठून परत लढायला मोकळा. तिसऱ्यांदा लागलं की खरा मेला. त्यानं बांधावर बसून शेंगा खायच्या. या शिक्षेमुळे काही जण लवकर मरू लागले, तो भाग वेगळा.

आणि एक मोठा नियम. लढाईत 'आई गं' म्हणायला बंदी होती. 'मेलो' म्हणजे खोटं लागलं, 'आई गं' म्हणजे खरं लागलं. आमच्याकडे ज्वारी उपटत नसत, विळ्यानं कापत. त्यामुळे रानभर धसकटं उभी, भाल्याच्या टोकासारखी, आणि आम्ही सगळे अनवाणी. 'आई गं' ऐकू आलं की दोन्ही सैन्यं होती तिथं थिजायची. वर उचललेला हात वरच.

दोन्ही सैन्यांना डाक्टर एकच होती. कारण साधं होतं: डोक्याला बांधायला पांढरं फडकं एकच मिळालं होतं. डाक्टर होती गौरा. आमच्या शेजारची. तिचा गोफणीचा नेम असा की उडत्या पाखराच्या पुढं दगड टाकून त्याला वाट बदलायला लावायची. ती ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकणार हे दिसत होतं, म्हणून मी आणि भीमा तिच्यावरून दोन दिवस भांडलो. शेवटी ती म्हणाली, "मी कुनाचीच न्हाई. मी डाक्टर हुते." पांढरं फडकं बांधलं की तिला कुणी मारायचं नाही, तिनं कुणाला मारायचं नाही. गोफण तिनं कमरेला गुंडाळून ठेवली.

गौरा खोट्या जखमेला चिंधी बांधायची आणि खऱ्या जखमेला दगडी पाला चुरगळून त्याचा रस पिळायची. झोंबायचं. "रड की, रडाय बंदी न्हाई," असं म्हणायची. मोजायची मात्र कन्नडमध्ये, घरच्या भाषेत. आम्ही मराठीत मोजायला लागलो की एकदोनतीनचार करत एका श्वासात दहावर पोचायचो. ती मोजायची ती दळण दळल्यासारखी, एकसारखं. ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आरु. एळु. एंटु. ओंबत्तु. हत्तु. तिचा हात कपाळावर, पाठीखाली तापलेली माती, वर आभाळात एक घार. जखमी होण्यात इतकं सुख असेल असं आम्हाला आधी माहीतच नव्हतं.

हे सगळं मला परत आठवायचं कारण माझी नात. सानिका. इथं सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. मागच्या महिन्यात ती कागदांची एक चळत घेऊन माझ्या खोलीत आली. ती आणि तिचे वीस-पंचवीस मित्रमैत्रिणी एक खेळ खेळतात. पोशाख करून, नावं बदलून, दोन दिवस एका गोष्टीत राहायचं. एक राज्य, एक बंड, फोमच्या तलवारी. याला लार्प म्हणतात. यंदाचा खेळ आमच्या गावी, भीमाच्या रानात ठरला होता. काढणी झालेलं मोकळं रान, वर भीमानं हुरड्याला येणाऱ्या शहरी लोकांना फोटो काढायला एक नवा माळा बांधलेला. गावातली पोरंही खेळणार होती, म्हणून नियम मराठीत हवे होते.

"अज्जा, मेडिकला काय म्हणू? वैद्य?"

"वैद्य म्हटलं की काढा आठवतो. डाक्टर म्हण."

"राजांच्या काळात डॉक्टर नसतात, अज्जा."

"फोमच्या तलवारी असतात का गं?"

तिनं डोळे वटारले आणि कागद पुढं सरकवला. मी चष्मा लावून वाचत गेलो. मेडिकच्या दंडाला पांढरी पट्टी. त्याच्यावर वार करायचा नाही, त्यानं कुणावर करायचा नाही. जखमी माणसानं आडवं व्हायचं. मेडिकनं हात ठेवून मोजायचं. मोजणी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. तिसरी जखम म्हणजे मरण. आणि कुणाला खरोखर लागलं तर एक ठरलेला शब्द. तो ऐकला की सगळ्यांनी थांबायचं. आमचेच नियम होते ते! आम्ही धसकटात उभं राहून केलेले. जगात कुठंही माणसं खोटं खोटं लढायला लागली की त्यांना याच चार गोष्टी सुचतात की काय कोण जाणे.

थांबायच्या शब्दाच्या जागी मी 'आई गं' लिहिलं. सानिका खूप हसली, पण म्हणाली, "बेस्ट आहे. हे कुणी विसरणारच नाही." मग तिचं बोट माझ्या अक्षरातल्या शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे काय? 'मोजणी पुरी व्हायच्या आत जखमी उठला, तर दोष जखमीचा. डाक्टरचा नाही.' हा नियम आमच्यात नाहीये."

"नसला तर घाला."

"पण का?"

"अनुभव," मी म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

तर आता ती नोंद.

काढणीचा शेवटचा दिवस होता. मी बारा वर्षांचा. शेवटची लढाई, वर्षभराचा मान तिच्यावर. सकाळीच माझ्या टाचेत धसकट गेलं होतं आणि गौरानं पाला पिळून पक्की पट्टी बांधली होती, खरी. दुपारी माळ्यापासून दहा पावलांवर भीमाचं धाट माझ्या दंडावर बसलं. मी आडवा झालो. 'मेलो' म्हणालो. भीमा माळ्याकडे पळाला, पण वाटेत आमच्या दोघांनी त्याला अडवला. गौरा आली. दंडाला चिंधी बांधली. मोजायला लागली. मी मान वळवून बघत होतो. भीमानं एकाला पाडलं. दुसराही पडणार हे दिसत होतं.

"ऐदु. आरु. एळु..."

मी उठलो. पळालो. माळ्यावर चढलो आणि टॉवेल फडकवला.

खाली भीमा ओरडत होता, "धा न्हाई झालं! सातावर उठला! सातावर!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. कन्नडमध्ये एळु म्हणजे सात. आणि एळु म्हणजे ऊठ. शब्द एकच. माझी आई रोज सकाळी माझं पांघरूण ओढून तोच शब्द म्हणायची. वर उभा असताना मला तो आठवला. उठताना आठवला नव्हता, हे आज शपथेवर सांगतो. उठलो तेव्हा मला माहीत होतं की सात झालेत आणि तीन राहिलेत.

"ती एळु म्हनली!" मी वरून ओरडलो. "एळु म्हंजे ऊठ. डाक्टरनं उठीवलं मला. माझा काय दोष?"

सगळे गौराकडे वळले. शेजारची म्हणून तिनं मला आधी उठवलं, असं कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. गौरा लाल झाली. आणि जे बोलली ते इतकं बिनतोड होतं की मोठ्या कोर्टातही चाललं असतं.

"आरं, एळु म्हंजे ऊठ, तर हत्तु म्हंजे चढ! हत्तु म्हंजे धा बी, नि चढ बी. मग रोज मी हत्तु म्हनल्यावर तुमी लिंबाच्या झाडावर का चढत न्हवता रं?"

पोरं हसली. हसली तिथंच तिचा खटला बुडाला. चांगला विनोद केला की मुद्दा ऐकला जात नाही, हे मी तेव्हा शिकलो. भीमानं तिच्या डोक्याचं पांढरं फडकं ओढून काढलं. "एळव्वा!" तो म्हणाला. "ही डाक्टर न्हाई, एळव्वा हाय!" कन्नडमध्ये अव्वा म्हणजे बाई; एळु-एळु करणारी एळव्वा. सगळ्यांनी ते नाव उचललं. गौरानं वर माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मी टॉवेल फडकवत राहिलो, टाचेला तिची पट्टी होती.

ती परत कधी खेळली नाही. नाव मात्र राहिलं. गावात नाव चिकटायला एक दुपार पुरते. गौराचं लग्न गावातच झालं. ती कडक भाकऱ्या करून विकते, पापडासारख्या पातळ, महिना-महिना टिकतात. आणि भाकऱ्या दहाच्या चळतीनं जातात! म्हणजे रोज मोजणी, आणि रोज तो विनोद. "एळव्वा, धा दे गं, सात नगं." "एळव्वानं मोजल्यात, परत मोजून घ्या." लग्नाकार्याला मी गावी गेलो की हे कानावर पडायचं. लोक हसायचे. ती न बोलता चळत पुन्हा मोजून दाखवायची. मीही हसायचो. हे लिहायला जड जातं. जिनं आयुष्यात एक भाकरी कमी दिली नाही, तिला प्रत्येक चळत दोनदा मोजावी लागली, माझ्या तीन अंकांपायी.

मग ही सुगी आली. रविवारी सकाळी आम्ही भीमाच्या रानात पोचलो. तोच वास. सानिकाची मंडळी झगे, मुकुट, चिलखतं घालून पेंढ्यांवर बसली होती, आणि गावातली पोरं फोमच्या तलवारी दाबून बघत होती. भीमा आता माझ्यासारखाच म्हातारा, पण आवाज खालच्या गल्लीच्या सरदाराचाच. दुपारच्या जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी सांगितली होती. गौराबाई स्वतः पाटी घेऊन आली. केस पांढरे, चाल ताठ. पाटी खाली ठेवते न ठेवते तोच भीमा ओरडला:

"एळव्वा, धाच्या चळती हायत न्हवं? का साताच्या?"

सानिकानं विचारलं, "यांना एळव्वा का म्हणतात?"

भीमाला एवढंच हवं होतं. त्यानं हातवारे करून सगळी गोष्ट सांगितली, मी कसा पडलो, तिनं कसं शेजाऱ्याला हळूच उठवलं. पोरं ऐकत होती. गौराबाई पदरानं पाटीवरची धूळ झटकत होती, जिथं धूळ नव्हती तिथंही.

"भीमा, थांब," मी म्हणालो. "ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"तिनं उठीवलं न्हाई मला. ती सातच म्हनली हुती. मला ठावं हुतं तीन राहिल्यात म्हनून. तू जिंकनार दिसलास, म्हनून मी उठलो, नि नाव तिच्यावर घातलं. तिची मोजनी कधीच चुकली न्हाई. चुकी माझी."

भीमाचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी गौराबाईकडे बघायचं टाळत होतो, पण तिचा आवाज आला.

"शिवू, सातावर उठलास म्हनत हुते समदे. आज कळलं. सातावर न्हाई, साठावर उठलास. साठ वरसं लागली व्हय रं उठाय?"

आधी भीमा हसला, मग सगळं रान. मीही हसलो, पण या वेळी माझ्यावर. डोळ्यांत पाणी होतं, ते धुळीच्या नावावर घालून दिलं.

"हसू नगा," गौराबाई म्हणाली. "निज हितं. तीन राहिल्यात."

"आता?"

"मग कवा? आनि साठ वरसांनी?"

मी धसकटं चुकवून मातीत आडवा झालो. बहात्तराव्या वर्षी आडवं होणं सोपं असतं. सानिकानं आपल्या दंडाची पांढरी पट्टी सोडून पुढं केली. भीमा उठला, ती पट्टी त्यानं घेतली, आणि गौराबाईच्या कपाळाला बांधली. ती माझ्याशेजारी बसली, हात कपाळावर ठेवला. खरखरीत झाला होता, भाकरीनं भाजलेला. तापलेली माती. आभाळ.

"एळुऽऽ," ती म्हणाली आणि थांबली. मुद्दाम. मी हललो नाही. पोरं फिदीफिदी हसत होती. तिनं वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं. मी हललो नाही.

"एंटु. ओंबत्तु." दळण दळल्यासारखं, एकसारखं. "हत्तु."

मी उठायला गेलो आणि गुडघा असा कळवळला की तोंडून गेलं, "आई गं!"

पंचवीस राजे, बंडखोर आणि गावची पोरं होती तिथं थिजली. एकाचा भाकरीचा घास हवेतच राहिला. नियम तो नियम.

"खरं लागलं का खोटं?" गौराबाईनं विचारलं.

"खरं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि हात देऊन मला उभा केला. मग माळ्याकडे बोट दाखवलं. "हत्तु म्हनले न्हवं? हत्तु म्हंजे चढ."

भीमा मागून धरायला आला. ज्याला मी फसवून हरवलं, त्याच्याच खांद्यावर हात टाकून मी तीन पायऱ्या चढलो. चौथी गुडघ्यानं नाकारली. तेवढं पुरे झालं. पूर्वी वरून मी फक्त स्वतःचा टॉवेल बघितला होता. या वेळी सगळं रान दिसलं.

खाली सानिका गौराबाईपाशी उकिडवी बसून काहीतरी विचारत होती. गौराबाईनं मान हलवली. "चालतंय की. पन धा म्हंजे धा."

खेळ सुरू झाला तेव्हा मला कळलं काय विचारलं होतं ते. पहिला राजा पडला, धसकटात आडवा झाला, हात वर केला आणि ओरडला, "एळव्वा!" पांढऱ्या पट्टीची एक मुलगी धावली. मग दुसरीकडून हाक, "एळव्वा!" तिसरीकडून. बांधापाशी, पेंढ्यांमागे, माळ्याखाली, जो जो पडेल तो तेच नाव घेऊन बोलवत होता. वैद्य नाही, डाक्टर नाही. एळव्वा. ऊठ म्हणणारी.

गौराबाई बांधावर उभी राहून ऐकत होती. कपाळाची पट्टी तिनं सोडली नव्हती. एक बंडखोर आठावरच उठायला लागला तशी ती कडाडली:

"ये मुडद्या! निज खाली! आनि दोन राहिल्यात!"

तो मुकाट्यानं निजला.